साष्टीच्या रानातले रविवार

जालन्याहून सुटलेली गाडी मनमाड, नाशिक ओलांडून कसाऱ्याचा घाट उतरते, कल्याण मागे टाकते आणि पारसिकचा बोगदा संपल्यावर खाडीच्या पुलावर येते. ठाणं आलं म्हणून डब्यात धांदल उडते. फळीवरच्या बॅगा खाली येतात, पोरांच्या चपला शोधल्या जातात, खिडकीबाहेर बघायला कुणाला सवड नसते. त्या पुलावर गाडी मुख्य भूमी सोडून एका बेटावर शिरलेली असते. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र, अशा पाण्याच्या वेढ्यातलं हे साष्टी बेट. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, ठाणे, मीरा-भाईंदर ही सगळी गजबज त्याच बेटावरची.

आणि या गजबजीच्या मधोमध रान आहे. बाग नव्हे, उद्यानातली हिरवळ नव्हे. बिबट्या, सांबर, भेकर आणि नाग-घोणस सांभाळणारं खरंखुरं डोंगरी जंगल. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे त्याचं सरकारी नाव. जुने लोक आजही ‘बोरिवलीचं नॅशनल पार्क’ म्हणतात. क्षेत्रफळ सुमारे १०३ चौरस किलोमीटर, आणि त्यातला बहुतेक भाग या बेटावरच. हजाराहून अधिक जातींच्या वनस्पती, अडीचशेच्या पुढे पक्षी, दीडशेच्या आसपास फुलपाखरं इथे नोंदली गेली आहेत. जगातल्या अत्यंत दाट वस्तीच्या बेटांपैकी एकावर इतकं रान टिकलं, याचं नवल वाटायला हवं.

ते टिकण्यामागे एक साधं कारण आहे: पाणी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईला पाण्याची फार टंचाई भासू लागली. मिठी नदीवर धरण घालून विहार तलाव बांधला गेला, तो १८६०च्या सुमारास पुरा झाला. पाठोपाठ १८७९मध्ये तुळशी तलाव आला. तलाव भरायचा तर भोवतालचे डोंगर झाडीने झाकलेले हवेत, हे त्या काळच्या इंजिनिअरांना पक्कं ठाऊक होतं. शहराच्या प्यायच्या पाण्यासाठी ते पाणलोट राखले गेले आणि त्यांच्या आडोशाने जंगल वाचलं. ही गोष्ट जालनेकराने लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण जालन्यालाही असाच, शहराची तहान भागवण्यासाठी बांधलेला एक तलाव आहे. त्याच्याकडे पुढे येऊच.

शनिवार-रविवारी पहाटे या रानाच्या वेशीवर वेगळीच वर्दळ असते. बोरिवलीच्या फाटकापाशी, ठाण्याच्या येऊरला, गोरेगावला फिल्म सिटीजवळच्या ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या (‘बीएनएचएस’) केंद्राशी दहा-वीस माणसांचे गट जमतात. बँकेतले कर्मचारी, शिक्षिका, कॉलेजची मुलं, निवृत्त झालेले आजोबा, आईचं बोट धरून आलेली पाच-सहा वर्षांची पोरं. अंगात मातकट किंवा हिरवट कपडे, पाठीला छोटी सॅक, गळ्यात दुर्बीण. ज्याच्याकडे नसेल त्याला शेजारचा आपली देतो. एक जाणता पुढे, एक जाणता पिछाडीला. निघण्यापूर्वी दोन-चार नियम सांगितले जातात: मोठ्याने बोलायचं नाही, पायवाट सोडायची नाही, काही तोडायचं नाही, काही टाकायचं नाही. मग गट चालू लागतो. चालणं म्हणायचं, पण वेग गोगलगायीचा. पहिल्या तासाला अर्धा किलोमीटर झाला तरी कुणाची तक्रार नसते, कारण इथे अंतर कापायला कुणी आलेलं नसतं.

या चालीला मुंबईत मोठी परंपरा आहे. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतल्या आठ जणांनी एकत्र येऊन ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली. आपापल्या निरीक्षणांची देवाणघेवाण करावी, जमवलेले नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच सुरुवातीचा हेतू. आठांपैकी सहा इंग्रज होते आणि दोन मराठी: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचे संस्थापक, व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे धाकटे बंधू. सखाराम अर्जुन हे डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे जाणकार, डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणूनही त्यांचं नाव इतिहासात आहे. समाजसुधारणेत गुंतलेल्या या माणसांना झाडापानांकडे बघायलाही वेळ होता, हे मुद्दाम सांगायला हवं. १८८६पासून संस्थेचं नियतकालिक निघू लागलं आणि ते आजही निघतं. लहानपणी मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणती, हे विचारायला सालिम अली नावाचा मुलगा याच संस्थेत गेला होता. त्या एका प्रश्नातून भारतातलं पक्षिशास्त्र कुठवर पोहोचलं, ते १९४१मध्ये आलेल्या त्यांच्या भारतीय पक्ष्यांवरच्या पुस्तकाने जगाला दाखवून दिलं.

दर आठवड्याला त्याच त्या जंगलात जाऊन नवं काय दिसणार, असा प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्याला हमखास पडतो. त्याचं उत्तर ऋतू देतात.

मे संपता संपता, वळवाच्या सरी पडल्या की काळोख्या संध्याकाळी झाडांवर काजवे पेटतात. त्याच सुमारास नवरंग येतो. हिरवा, निळा, पिवळसर, शेपटीखाली लालभडक असा हा पक्षी पावसाच्या तोंडावर विणीसाठी दाखल होतो आणि झाडीतून त्याची दुपदरी शीळ ऐकू येते. जूनमध्ये तिबोटी खंड्या हजर होतो. हा चिमणीपेक्षाही लहान खंड्या ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो. जुलै-ऑगस्टमध्ये ओढे फुटतात, खडकांवर नेचे आणि शेवाळ माजतं, झाडांच्या खोडांवर आमरी फुलते, कुजक्या ओंडक्यांवर अळिंब्यांच्या छत्र्या उभ्या राहतात. सप्टेंबर-ऑक्टोबर हा फुलपाखरांचा हंगाम. महाराष्ट्राने २०१५मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून मान दिलेलं नीलवंत तेव्हा घाणेरीच्या फुलांवर सहज दिसतं. नोव्हेंबरपासून उत्तरेकडचे पाहुणे पक्षी उतरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा आणि काटेसावर निष्पर्ण फांद्यांवर फुलतात आणि मधासाठी सगळी पाखरं एकाच झाडावर गोळा होतात. नवशिक्याने पक्षी पाहायला सुरुवात करावी ती याच दिवसांत. पानांचा आडोसा नसतो आणि पक्षी हलायचं नाव घेत नाहीत.

कारवीचं तंत्र मात्र निराळं. सह्याद्रीच्या उतारांवर गर्दी करून वाढणारं हे झुडूप सात-आठ वर्षं नुसतं पानांवर काढतं. मग एका पावसाळ्याअखेरीस सगळ्या डोंगरभर एकाच वेळी जांभळी फुलं येतात, मधमाश्यांची झुंबड उडते, फळं धरतात आणि सगळी झुडपं एकदमच वाळून जातात. पुढच्या उन्हाळ्यानंतर वाळकी बोंडं पाण्याचा थेंब लागताच तडतडून फुटतात आणि बिया दूर उडतात. साष्टीच्या रानात कारवी २००८मध्ये फुलली, २०१६मध्ये फुलली, २०२४मध्ये फुलली. हे वेळापत्रक माणसांना कळलं ते एका सहलीतून नव्हे. वर्षानुवर्षं त्याच उतारावर जाणाऱ्यांनी लिहून ठेवलं म्हणून.

सगळा गट थांबतो असे काही क्षण फार जवळून पाहण्यासारखे असतात. पावसाळी सकाळी कुणाला तरी पानाआड तपकिरी-तांबूस काहीतरी लोंबताना दिसतं. वाळलं पान वाटावं असं. दोन पावलं पुढे गेल्यावर लक्षात येतं की हा अॅटलस पतंग आहे. पंख पसरले की तळहाताहूनही मोठा. पुढच्या पंखांच्या टोकांना बाक आहे, आणि त्या बाकावर डोळ्यासारखा ठिपका. बाजूने पाहिलं तर हुबेहूब सापाचं डोकं. पंखांवर तिकोनी पारदर्शक खिडक्या आहेत, त्यातून मागचं हिरवं पान दिसतं. गटातला जाणता हळू आवाजात सांगतो, याला खाण्यापुरतं तोंडच नसतं. सुरवंट असताना जे खाऊन घेतलं त्याच शिदोरीवर त्याचं पंखवालं आयुष्य चालतं, आणि तेही जेमतेम आठवडा-दोन आठवड्यांचं. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, मादीने अंडी घालायची आणि संपून जायचं. एवढं ऐकल्यावर कुणी त्याला हात लावत नाही. एकेक जण वाकून बघतो आणि मागच्याला जागा करून देतो. सहा वर्षांची पोरगी आपल्या बाबांना विचारते, ‘त्याला भूक लागत नाही?’ तिच्या या प्रश्नावर पुढची दहा मिनिटं गटात चर्चा चालते.

तसंच लाल मुंग्यांचं घरटं. आंब्याच्या किंवा करंजाच्या फांदीवर चार-सहा ओली पानं एकमेकांना चिकटून गोळा झालेली दिसतात. जवळून पाहिलं तर मुंग्यांची एक रांग पानाच्या कडा जबड्यांत धरून ओढते आहे आणि दुसऱ्या मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून त्या कडांवरून फिरवताहेत. अळीच्या तोंडातून रेशीम निघतं आणि त्या धाग्याने पानं जोडली जातात. हे पाहायला दुर्बीण लागत नाही, तिकीट लागत नाही. जालन्यातल्या कुठल्याही आमराईत हे घडू शकतं; फक्त झाडाखाली थांबायला हवं.

या रानाचा राजा बिबट्या. तो मात्र अशा फेरीत दिसेलच असं नाही, किंबहुना क्वचितच दिसतो. दिसतात त्याच्या खुणा: ओल्या मातीत उमटलेला पंजा, झाडाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे, वाटेच्या मधोमध टाकलेली केसाळ विष्ठा. त्या विष्ठेतले केस अभ्यासकांनी तपासले तेव्हा भटकी कुत्री हा इथल्या बिबट्यांच्या आहारातला मोठा वाटा असल्याचं निघालं. जंगलाच्या कडेला कचरा, कचऱ्यावर कुत्री, कुत्र्यांमागे बिबट्या, अशी ती साखळी. २०१५मध्ये जागोजाग आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावून झालेल्या मोजणीत या भागात ३५ बिबटे वेगवेगळे ओळखता आले. प्रत्येकाच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते, त्यावरून ही ओळख पटते.

मुंबईने या बिबट्यांची भीतीही पाहिली आहे. २००४मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर उद्यानाच्या कडेने एकामागून एक माणसांवर हल्ले झाले, माणसं दगावली. पुढे अभ्यासातून एक गोष्ट समोर आली. कुठे बिबट्या दिसला की त्याला पकडून दूरच्या जंगलात सोडायचं, या पद्धतीने त्रास कमी होण्याऐवजी वाढतो. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो. वन्यजीव-अभ्यासक विद्या अत्रेय यांनी जुन्नर आणि अकोले भागात केलेल्या कामातून हे ठळकपणे मांडलं. २०११मध्ये वन विभागाने ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम हाती घेतला. त्यात अभ्यासक, पत्रकार, पोलीस आणि सोसायट्यांमधले रहिवासी यांना एकत्र आणून कचरा उचलणं, अंधारात मुलांना एकटं न सोडणं, बिबट्या दिसताच गर्दी न करणं अशा साध्या गोष्टी लोकांपर्यंत नेल्या गेल्या. रानातल्या पाड्यांवरचे वारली तर पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाला पुजत आले आहेत. त्यांना बिबट्याचं शेजारपण नव्याने शिकवावं लागलं नाही.

याच संदर्भात ‘आजोबा’ची हकिकत मराठवाड्यातल्या वाचकांना जवळची वाटेल. २००९च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक वयस्क नर बिबट्या वन विभागाने बाहेर काढला. गळ्यात जीपीएस पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. त्यानंतर तीन-साडेतीन आठवड्यांत तो सुमारे सव्वाशे किलोमीटर चालला. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसाऱ्याजवळची रेल्वेलाइन ओलांडली, शेवटी वसईची खाडी पोहून राष्ट्रीय उद्यानाच्या रानात शिरला. इतक्या वाटचालीत त्याने कुणा माणसाला इजा केली नाही. डिसेंबर २०११मध्ये वाहनाच्या धडकेत तो मेला. २०१४मध्ये त्याच्यावर ‘आजोबा’ हा मराठी चित्रपट निघाला. पठारावरून निघून, कसाऱ्यावरून, खाडी ओलांडून बेटावर: मराठवाड्यातली हजारो माणसं पोटापाण्यासाठी ज्या दिशेने येतात, त्याच दिशेने हाही आला होता.

आठवड्याच्या फेऱ्यांचा खरा उपयोग नोंदीत आहे. तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसलं, किती दिसले, काय करत होते, या सहा गोष्टी वहीत उतरल्या की त्या सकाळीला अभ्यासाची किंमत येते. पूर्वी या वह्या कपाटात पडून राहत. आता ‘ई-बर्ड’ आणि ‘आय-नॅचरलिस्ट’सारख्या ॲपवर त्या सगळ्यांसाठी खुल्या होतात. २०२३मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो राष्ट्रीय अहवाल निघाला, त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. तो उभा राहिला तीन कोटींहून अधिक नोंदींवर, आणि त्या नोंदी करणारे सुमारे ३० हजार लोक बहुतांशी हौशी होते: रविवारी सकाळी घराबाहेर पडणारे.

साष्टीच्या रानाने तर अशा नजरेच्या जोरावर विज्ञानाला नवी नावं दिली आहेत. राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आरे दुग्ध वसाहतीत फिरणाऱ्या तरुण अभ्यासकांना एक विंचू सापडला, त्याच्या शास्त्रीय नावात आरेचंच नाव गुंफलं गेलं. २०२१मध्ये मुंबई महानगर परिसरातून नोंदलेल्या उड्या मारणाऱ्या एका कोळ्याला ‘आयसियस तुकारामी’ असं नाव मिळालं. २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यात कसाबला जिवंत पकडून देताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ते दिलं आहे. त्याआधी, ऑक्टोबर २०१९मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांहून अधिक झाडं रातोरात तोडली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. तिथे रान आहे की नुसती मोकळी जागा, हा त्या वादाचा गाभा होता. अशा वेळी वर्षानुवर्षांच्या नोंदींइतका पक्का पुरावा दुसरा नसतो. जे लिहिलेलं नाही ते नव्हतंच, असं म्हणायला कुणालाही सोपं जातं.

या फेऱ्यांना शिस्तही लागते, आणि तिच्याबद्दल बोललं पाहिजे. समाजमाध्यमांवर फोटो टाकायच्या हव्यासापायी घरट्याजवळ जाणारे, मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणारे, माकडांना वेफर चारणारे लोक सगळीकडे वाढले आहेत. वाजवलेला आवाज ऐकून पक्षी प्रतिस्पर्धी आला म्हणून घरटं सोडून धावतो, तेवढ्यात कावळा अंडी पळवतो. घरट्याची जागा फोटोसोबत जाहीर केली की दुसऱ्या दिवशी तिथे जत्रा भरते. जाणते गट म्हणून घरट्याचा पत्ता सांगत नाहीत. राष्ट्रीय उद्यानातल्या शिलोंढ्यासारख्या वाटांवर वन विभागाच्या परवानगीशिवाय जाता येत नाही, उद्यान सोमवारी बंद असतं, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं. हे नियम माणसाच्याही भल्याचे आहेत आणि रानाच्याही.

ज्यांना डोंगर चढवत नाही त्यांच्यासाठीही बेटावर जागा आहेत. घोडबंदर रोडवर ठाण्याच्या ओवळे गावात एका शिक्षकाने आपल्या दोनेक एकर जमिनीत फुलपाखरांना लागणारी झाडं लावली. कढीपत्ता, लिंबू, पानफुटी, रुई अशी सुरवंटांची खाद्यझाडं आली की मागोमाग फुलपाखरं येतात. ‘ओवळेकरवाडी’ आता ठाणे-मुंबईकरांची रविवार सकाळची ठरलेली जागा झाली आहे. बेटाच्या पूर्वेच्या कडेला ठाण्याच्या खाडीत हिवाळा-उन्हाळ्यात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे उतरतात. त्या पाणथळीला २०१५मध्ये अभयारण्याचा आणि २०२२मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

रोहित पाहायला मराठवाड्यातल्या माणसाने मुंबई गाठायलाच हवी असं नाही. पैठणचा नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे आणि तिथेही रोहित येतात. जालना जिल्ह्याला समुद्र नाही, घनदाट जंगल नाही, पाऊस साष्टीच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही पडत नाही. पण उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत, दक्षिणेला अंबड, घनसावंगी आणि परतूरच्या शिवेवर गोदाकाठ आहे, मध्ये दुधना आणि कुंडलिका आहेत, आणि चहूकडे माळ आहे. माळावर चंडोल आहेत, तित्तर आहेत, ज्वारी हुरड्यावर आली की भोरड्यांचे थवे आहेत. मध्य आशिया-पूर्व युरोपाकडून येणारी ही भोरडी टोळधाडीतल्या किड्यांवर तुटून पडणारी आहे. शेतकरी तिला हाकलतो ते ज्वारीसाठी, पण तीच टोळ खाऊन पिकाची राखणही करते.

आणि जालना शहराला घाणेवाडीचा तलाव आहे. निजामाच्या काळात शहराच्या पाण्यासाठी तो बांधला गेला. तिथून जालन्यापर्यंत पाणी उताराने, विजेशिवाय येतं. २०१२-१३च्या दुष्काळात शहरावर टँकरची पाळी आली, तेव्हा नागरिक, व्यापारी आणि उद्योजक पुढे सरसावून या तलावातला गाळ काढायला लागले. विहार आणि तुळशीच्या पाण्याने साष्टीचं रान वाचवलं. घाणेवाडीचं पाणी जालन्याच्या पक्ष्यांना जपतं. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी उतरतात. काठावर शेकाट्या आपल्या लाल काटकुळ्या पायांवर उभा असतो, पाण्यात बदकांच्या रांगा असतात, वाळक्या बाभळीवर खंड्या टपून बसलेला असतो. शहरातून तिथे पोहोचायला दुचाकीवर फार वेळ लागत नाही.

एका गटाला लागतं तरी काय? पाच-सहा माणसं, एक बरी दुर्बीण, मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ किंवा मोबाइलवरचं पक्ष्यांचं ॲप, एक दोनशे पानी वही आणि ठरलेली वेळ. शाळेतल्या एका विज्ञानशिक्षकाने मनावर घेतलं तर आठवीची मुलं महिनाभरात तीस-चाळीस पक्षी ओळखू लागतात, आणि सहावीतली भावंडं त्यांच्या मागे लागतात. कॉलेजांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांना, ज्येष्ठ नागरिक संघांना, सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींना हे सहज जमण्यासारखं आहे. फेरी मात्र दर आठवड्याला, त्याच जागी व्हायला हवी. वर्षातून एकदा पाहिलेला तलाव सहलीच्या फोटोपुरता उरतो. बावन्न आठवडे पाहिलेल्या तलावाचं पाणी कधी उतरलं, पहिलं बदक कधी आलं, कुठल्या वर्षी ते आलंच नाही, हे कळतं. उद्या तलावात सांडपाणी सोडलं गेलं किंवा काठावर भराव पडला, तर जालनेकरांच्या हातात दाखवायला काहीतरी असेल.

महाराष्ट्र शासनाने २०२०पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा. बहुतेक वर्षी दिवाळी आटोपलेली किंवा आटोपत आलेली असते, हवेत गारवा असतो, पाहुणे पक्षी नुकतेच पोहोचलेले असतात. पहिली फेरी त्या आठवड्यातल्या रविवारी, सकाळी साडेसहाला, घाणेवाडीच्या बांधावर काढावी. वही आणि पेन न विसरता न्यावं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच यावं.